बार्बराला माझा पत्ता हवा होता

मंडळी, आज मी एका सत्तरीच्या बाईवर अक्षरशः जळलो.

वीकेंडला फ्रीमाँटहून कॅम्पिंगला गेलो होतो. तिथली केअरटेकर बार्बरा एका जुन्या व्हॅनमध्येच राहते. उन्हाळाभर कॅम्पची टॉयलेट्स साफ करते, थंडीत ॲरिझोनात दुसरं काम. कंटाळा आला की चावी फिरवायची आणि निघायचं! आणि आपण? नोकरी बदलली तर ग्रीन कार्ड अडकतं, नुसतं घर बदललं तरी दहा दिवसांत सरकारला कळवा. मी बायकोला म्हटलंसुद्धा, "यार, लाइफ असावं तर असं!"

आज निघताना बार्बरा थंडीतल्या कामाचा फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "यात तुमच्या घरचा पत्ता लिहू का? फक्त पत्रं येतील. मुलगी तिचा देऊ देत नाही."

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं? ग्रीन कार्डची फाइल. आपल्या पत्त्यावर परकं नाव दिसलं तर?

"बायकोला विचारून सांगतो," म्हणालो. बायको शेजारीच उभी होती.

बार्बरा हसली. "विचारायला कुणीतरी आहे तुम्हाला. मला हेवा वाटतो."

आत्ताच घरी पोचलोय. पत्रपेटी उघडली, तर आत नुसत्या जाहिराती.

खरं सांगा, तुम्ही दिला असतात पत्ता?