बंद खाणीची बाराची घंटा

दगडखाणीत दगडापेक्षा चिपा जास्त साठतात, आणि ऑफिसात कामापेक्षा किस्से! मी बदलापूरच्या अलीकडल्या एका दगडखाणीत क्लार्क होतो. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली आणि स्टाफ म्हणजे मी. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांत खाण बंद पडली. सोलापूरकडून आलेले दगडफोडे मात्र बावीस झोपड्यांत तिथेच राहिले, आणि जुना हिशेब मिटवायला मीही.

*

मालकाची नोटीस मीच वाचून दाखवली. खाण बंद, झोपड्या सोडा. म्हातारी ठकूबाई म्हणाली, "भाऊसाहेब, परत एकदा वाचा."

"का? कळलं नाही?"

"कळलं. आवडलं न्हाई!"

मी परत वाचली. मजकूर तोच निघाला.

*

मग वस्तीने सरकारकडे अर्ज केला. लिहिला मीच, मालकाच्याच कागदावर! उत्तर आलं: माणसं राहत असतील तर राहू द्यावीत, झोपड्या रिकाम्या आढळल्या तर जागा मालकाची. तपासणीला इन्स्पेक्टर येईल. कधी, ते लिहिलं नव्हतं. सरकारी पत्रात तेवढंच राहून जातं.

*

तोवर पोटाचं बघायला हवं होतं. सुरुंगांनी सगळ्यांचे कान गेलेले, त्यामुळे वस्ती प्रेमाचं बोलणंही ओरडूनच करायची. मुकादम म्हादूचा भाऊ किसन अंबरनाथला एका कारखान्यात नोकरी मागायला गेला.

सुपरवायझर दचकला. "एवढं ओरडतोस कशाला?"

"ओरडतोय कुठं? सायबापुढं हळूच बोलतोय!"

त्याला तिथल्या तिथे मशीन खात्यात घेतलं. यंत्रं चालू असताना ज्याचं बोलणं ऐकू येईल असा पहिलाच माणूस!

*

ठकूबाई पाटे-वरवंटे घडवून उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्प एकमध्ये विकायला बसायची. एक सिंधी बाई नवा पाटा परत घेऊन आली. "माई, ये तो बहुत भारी है."

"रोज वाटण वाटा," ठकूबाई म्हणाली. "वीस वर्सांत हलका व्हतो!"

बाई हसली आणि पाटा घेऊन गेली.

*

आता शेवटचा किस्सा.

खाण चालू असताना रोज बाराला सुरुंग उडायचे. त्याआधी म्हादू रुळाचा तुकडा बडवायचा. ती घंटा झाली की अख्खी वस्ती, शेरडांसकट, टेकाडापलीकडे जाऊन बसायची. दुसरी घंटा झाली की परत. खाण बंद होऊन वर्ष झालं तरी म्हादू बाराला घंटा देतच होता आणि लोक जातच होते. मी विचारलं तर म्हणाला, "एखादा सुरुंग न फुटता ऱ्हायला असंल तर?"

इन्स्पेक्टर आले ते सव्वाबाराला! फाळणीत सिंधमधलं घर सोडून आलेला गृहस्थ, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बराकीत राहणारा. त्यांनी बावीसही झोपड्यांत डोकावून पाहिलं. चूल गरम, माणूस नाही. कागदावर लिहिलं: वस्ती रिकामी.

मी धावत गेलो. "साहेब, सगळे टेकाडामागे आहेत!"

"क्यों?"

"सुरुंगाला भिऊन."

"सुरुंग कौन लगाता है?"

"कोणी नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वरमलो.

तेवढ्यात दुसरी घंटा झाली. टेकाडावरून बायका, पोरं, शेरडं, कोंबड्यांच्या डालग्या, सगळं उतरून आलं. ठकूबाईने साहेबांच्या हातातला कागद पाहिला. "भाऊसाहेब, काय लिवलंय?"

"वस्ती रिकामी," मी म्हणालो.

म्हातारी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि वस्तीच्या पद्धतीने, म्हणजे ओरडून, बोलली, "सायेब, जीव वाचवाया मानूस घराभाईर पडलं, तर घर त्याचं ऱ्हात न्हाई व्हय?"

साहेबांना मराठी बेताचंच येत होतं. मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लिहिलेली ओळ खोडली आणि विचारलं, "पहला घर किसका है?"