आम्ही ईस्टवाले

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो, ते साठतात. स्वयंपाकघरात एका पिशवीत शंभर पिशव्या कोंबलेल्या असतात ना, तसे. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात! आमच्या ग्रुपचं तसंच झालंय.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मी मुलुंड पूर्वेची, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली. म्हणून सगळे मला ‘टीचर’ म्हणतात. घाटकोपर पूर्वेचे तावडे, मूळचे मालवणकडचे. गोरेगाव पूर्वेची शरयू, पवईला आयटीत आहे. आणि अंधेरी पूर्वेच्या जुन्या गावठाणातले रेमेडियस काका. त्यांचा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि एकाने एका मुलखाबद्दल बोलायचं. तिथले प्राणी, तिथला इतिहास. चौघंही पूर्वेला राहतो, म्हणून विषयही पूर्वेचेच ठेवले. बोर्निओ, पूर्व आफ्रिका, आपला ईशान्य भारत.

“पश्चिमेचं बघायला वेस्टवाले आहेत की!” इति तावडे.

*

एकदा बोरिवली पश्चिमेच्या एका गृहस्थांचा फोन आला, मलाही यायचंय म्हणून. मी गमतीत म्हटलं, “अहो, पण तुम्ही वेस्टचे!”

ते म्हणाले, “बाई, जपानमधून बघितलं तर तुम्ही सगळेच वेस्टवाले!”

भूगोलाच्या टीचरलाच भूगोल शिकवला त्यांनी! त्यांना घेतलं. दोनदा आले. मग यायचे बंद झाले, कारण ईस्टला पार्किंग मिळत नाही!

*

शरयूची ऑफिसातली मैत्रीण एका रविवारी काकांच्या घरी आली होती. काकांची ओळख करून दिली, “हे ईस्ट इंडियन.” तिने अगदी निरागसपणे विचारलं, “म्हणजे काका, तुम्ही कलकत्त्याकडचे का?”

काका हसले. “नाय गं बाय. आमचे आजा-पणजा सगळे इथलेच. या समोरच्या विहिरीचं पाणी प्यायलेले.”

“मग ईस्ट कुठून आलं?”

“इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीवरून. बाहेरून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी यायला लागले, तेव्हा आमच्या लोकांना दाखवायचं होतं की आम्ही इथले जुने. म्हणून ते नाव घेतलं. बघ, इथलेच आहोत हे सांगायला परक्या कंपनीचं नाव!”

ती पोरगी खूप हसली. काकांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं तिथे आता बावीस मजले उभे आहेत.

“कंपनी गेली,” ते म्हणाले. “शेत पण गेलं. नाव तेवढं राहिलं.”

*

शरयूच्या सोसायटीची भिंत जंगलाला लागून आहे. एका पहाटे सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. कुणाला काही केलं नाही बिचाऱ्याने. बाकड्याजवळून चालत आला, पाणी प्यायला, भिंतीवरून गेला. पण वाट लागली सगळ्यांची! दुसऱ्या दिवशी तातडीची मीटिंग. सेक्रेटरी तावातावाने म्हणाले, “त्याला पकडून जंगलात नेऊन सोडा!”

चहा द्यायला शरयूकडच्या लक्ष्मीबाई आल्या होत्या. मागच्याच पाड्यावर राहतात. त्यांच्याकडे वाघोबाचा दगड आहे, आजही पुजतात. ट्रे हातात धरून त्या थांबल्या.

“साहेब, कुठल्या जंगलात?”

“कुठल्या म्हणजे? त्याच्या जंगलात!”

लक्ष्मीबाईंनी खालच्या फरशीकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे.

“मग हे काय होतं?”

मीटिंग चहावरच संपली.

*

बोर्निओवर बोलायची पाळी माझी होती. मोठ्या चोचीच्या धनेश पक्ष्याचं चित्र पडद्यावर लावलं आणि तावडे ओरडलेच, “अरे, ह्यो आमच्या गावचो!”

मी सांगत होते की याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बारीक फटीतून तिला फळं भरवतो. बघते तर तावडेंनी चष्मा काढून ठेवलेला.

मग त्यांनीच सांगितलं. ते शाळेत असताना चुलत्याने परसातलं जुनं झाड तोडायला लावलं. वर ढोली आहे हे कुणी बघितलंच नाही. झाड पडलं, आत मादी मेली. लाकूड गाडीवर घालून नेलंही. पण नर यायचा. चोचीत फळ घेऊन, जिथे झाड होतं त्या मोकळ्या जागेभोवती फिरायचा. तावडेंचे वडील मुंबईला मिलमध्ये होते, तेव्हा रजेवर गावी आलेले. चार दिवस पायरीवर बसून त्यांनी ते बघितलं. पाचव्या दिवशी म्हणाले, “अरे, ह्येका कोणीतरी सांगा रे!”

“पुढे मिल बंद पडली,” तावडे म्हणाले. “बाबा तरी रोज डबा घेऊन गेटपर्यंत जायचे. आई म्हणायची, त्यांका सांग. टीचर, माझ्याच्यान नाय झाला.”

त्या दिवशी बोर्निओ तिथेच राहिलं.

*

आम्ही चौघं एकदा नागालँडला गेलो, अमूर ससाणे बघायला. हे इवलेसे पक्षी थेट सैबेरियाकडून येतात, तिथे थांबतात आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. पूर्वी तिथे जाळी लावून त्यांची बेसुमार शिकार व्हायची. मग गावकऱ्यांनीच ती थांबवली.

एक म्हातारे शिकारी भेटले. हिंदी मोडकीतोडकी, पण नजर धारदार. म्हणाले, “मी खूप मारले. आता कुणाला हात लावू देत नाही.” मग विचारलं, “तुमच्या शहरात येतात का असे लांबचे पक्षी?”

मी फुशारकीने सांगितलं, “येतात ना! फ्लेमिंगो! मुलुंडच्या बाजूला खाडी आहे, सगळी गुलाबी होते!”

“मग तुम्ही त्यांच्यासाठी काय करता?”

त्या खाडीकाठी रात्रंदिवस पडणारा राडारोडा माझ्या डोळ्यांपुढे आला. शरयू बुटांकडे बघत होती.

“फोटो काढतो,” मी म्हटलं.

म्हाताऱ्याने मान डोलावली.

“आणि?”

*

आता शेवटचा. तो रविवार काकांच्या घरी होता.

काकांच्या आईने नव्वदी ओलांडलीय. आतल्या खोलीत पडून असते, महिनोन् महिने बोलत नाही. काकांनाही कधी ओळखते, कधी नाही. तिचा जन्म रंगूनचा. वडील तिथल्या बंदरात कारकून होते. युद्धात जपानी आले तेव्हा आई-वडिलांबरोबर ती ब्रह्मदेशातून डोंगर-जंगल तुडवत आसामपर्यंत चालत आली. आठेक वर्षांची असेल. त्याबद्दल कधीही विचारलं तरी एकच शब्द, “चाललो.” बस! आई-वडिलांची एकुलती एक, ना भाऊ ना बहीण, एवढंच काकांना माहीत.

शरयू नुकतीच आसामला जाऊन आली होती. तिथल्या जंगलात हुलॉक राहतात, बिनशेपटीची वानरं. सकाळ झाली की नर-मादी मिळून झाडांच्या शेंड्यावरून गातात. हो, गातातच! तिने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. स्पीकरला जोडून लावलं. हू-कू, हू-कू, हू-कू... आवाज चढत गेला, सगळं घर भरून गेलं.

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. आतल्या दारात त्यांची आई उभी होती. भिंतीला धरून, एकटी उठून आलेली.

“उजाडलं,” ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. “निघायला पाहिजे.”

“कुठे, मम्मी?” काका धावले.

ती जमिनीवर काहीतरी शोधत होती. चपला असाव्यात.

“धाकट्या बस्त्यावला उठवा. झाडाखाली निजलाय तो. त्याला ठेवून जाऊ नका.”

शरयूने स्पीकर बंद केला. काकांनी आईला खुर्चीत बसवलं आणि तिच्या पायाशी खाली बसले. पासष्ट वर्षांचा माणूस, पण चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“मम्मी, बस्त्याव कोण?”

तिने त्यांच्या ओठांवर हात ठेवला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आय ऐकेल.”