फाटकाच्या पलीकडची बाजू

माझ्या हॉलमध्ये सोफा नाही. आलेला माणूस दारातच थबकतो, कारण सोफ्याऐवजी एक लांबलचक टेबल आहे आणि त्यावर रूळ, फाटक, बाभळी आणि चहाची टपरी मांडलेली आहे. "बाई, नातवंडांसाठी का?" असं विचारतात. मला नातवंडं नाहीत. जन्मभर शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर खेळणी मांडून बसली, असं जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीतल्या बायका माझ्यामागं बोलतात. बोलू देत. त्यांच्या घरातला सोफा तरी कोण वापरतंय!

हे काम दोघांचं, माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं. आमचे वडील रेल्वेत गेटमन होते. माढा तालुक्यातलं आडवळणाचं फाटक, आता तिथं रुळाखालून रस्ता काढलाय आणि फाटकाचा मागमूस उरला नाही. रुळाच्या एका अंगाला वडिलांची ड्युटीची खोली आणि दुसऱ्या अंगाला आईची चहाची टपरी. फाटक पडलं की ट्रक, जीपा थांबायच्या आणि तेवढ्या वेळातच आईचा धंदा व्हायचा. ग्लास विसळायला मी आईजवळ. भाऊ लहान आणि असा द्वाड, की टपरीवर ठेवला तर बरणीतली बिस्किटं संपवायचा, म्हणून तो वडिलांजवळ.

गाडी आली की तो तिकडं अडकायचा, मी इकडं. मग आमचा खेळ सुरू. दोन डब्यांच्या मधल्या फटीतनं पलीकडचं माणूस क्षणभर दिसतं, तेवढ्यात हात करायचा. एका फटीत त्यानं, पुढच्या फटीत मी. ज्याची फट हुकली तो हरला. शेवटचा डबा गेला की तो तिकडनं बोंबलायचा, "आक्का, हुकलीस! हुकलीस!" आई म्हणायची, "ग्लास फोडशील एखादा, तिकडं बघत बसू नकोस."

तो मोठा झाला आणि भवानी पेठेत लूमवर लागला. टॉवेलं, चादरी विणण्यात आयुष्य गेलं आणि सुताची धूळ छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं तेव्हा त्याला चार पावलं चाललं तरी दम लागत होता. घरी बसून वहिनीचं डोकं खायचा. मग मी एकदा त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणीतरी घरात अख्खं स्टेशन केलं होतं आणि त्यातनं वीतभर गाडी पळत होती. त्यानं तो पुन्हा पुन्हा बघितला आणि म्हणाला, "आक्का, आपलं फाटक करू की. येकदा त्यातनं गाडी गेलेली बघतो. मग डॉक्टर काय म्हणतोय ते म्हणू दे."

त्याच्या घराचा जिना असा अरुंद, की मोठी फळी खाली उतरणार नाही. म्हणून दोन फळ्या करायच्या ठरल्या. फाटकातनं जाणाऱ्या रस्त्याच्या एका हाताला टपरी आणि दुसऱ्या हाताला खोली, म्हणून रस्त्यापासून टपरीकडचा भाग मी करायचा, खोलीकडचा त्यानं, आणि माझ्या हॉलमध्ये दोन्ही जोडायच्या. फळीची उंची एक आणि रूळ काठाच्या बरोब्बर मध्यावर, एवढं ठरवलं. बाकी एकमेकांना दाखवायचं नाही, ही अट त्याची. लहानपणीची खोड, जाते कुठं?

काय दिवस होते ते! उकळलेली चहापूड वाळवून मी तिची माती केली. आईची टपरी आणि चहापुडीची जमीन, मलाच हसू यायचं. तो जुन्या कारखान्यातनं लूमखालचा सुताचा गुंता मागवून त्याच्या बाभळी करत होता. रोज फोन. "आक्का, फाटकाचा दांडा लाल-पांढरा व्हता का लाल-पिवळा?" "अरे, तू तर त्याला लोंबकळायचास, मला काय विचारतोस?" वहिनी म्हणाली, खोकला तसाच आहे पण माणूस हसायला लागलाय.

देखाव्याच्या मागं रंगवलेलं आभाळ उभं करतात, म्हणजे मागची भिंत दिसत नाही. मी हार्डबोर्डवर माढ्याचं आभाळ रंगवलं. उन्हाळ्यातलं, फिकट, धुरकट. पुसून पुसून पुन्हा केलं. शाळेत पोरांच्या चित्रांना नावं ठेवत आले, आता स्वतःला ठेवत होते.

शेवटी तो रिक्षातनं मांडीवर फळी आडवी धरून आला. पोरीची पाठवणी करावी तशी वहिनी मागनं हात लावून होती. फळ्या टेबलावर मांडल्या, रुळाला रूळ जुळला आणि आम्ही दोघांनी वाकून बघितलं.

माझ्या बाजूनं बघितलं तर अर्ध्यात टपरी आणि अर्ध्यात कोरा हार्डबोर्ड. तो त्याच्या आभाळाचा पाठीमागचा भाग होता. त्याच्या बाजूनं बघावं तर अर्ध्यात वडिलांची खोली आणि अर्ध्यात माझ्या आभाळाची पाठ. मी टपरीवर उभी राहून फाटक बघत आले होते. तो खोलीजवळ उभा राहून. दोघांनीही आपापल्या समोर, रुळापलीकडं आभाळ उभं केलं होतं. देखाव्याची पुढची बाजू कुठली, हे ठरवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. फळी फिरवावी तर फाटक भलत्याच टोकाला जात होतं.

तो हसत सुटला. हसता हसता खोकला, खोकता खोकता खुर्चीत बसला. "अगं, दोन्हीकडचं आभाळ काडून टाकू की. टेबल मधी घे. तू तिकडनं बघ, मी हिकडनं बघतो. तसंच तर व्हतं!"

"आभाळ काढायचं? डोळे फुटेपर्यंत रंगवलंय मी ते," मी म्हणाले. "आणि हॉलच्या मधोमध टेबल ठेवलं तर माणसांनी चालायचं कुठनं? देखाव्याला एकच तोंड असतं. भिंतीला लावून ठेवायचं आहे."

"मग आज नुसती गाडी तरी सोडू."

तारा जोडलेल्या होत्या. इंजिन हातात होतं. एक बटण दाबायचं होतं. पण माझ्यातली मास्तरीण! म्हणाले, "अशी उलटीपालटी पहिली गाडी नाही सोडायची. नीट करू, मग सोडू."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "बरं बाई, तुझंच खरं. तुझं तर झालंय, मीच बदलतो." आणि फळी पुन्हा मांडीवर घेऊन भवानी पेठेत गेला.

मग फोन मीच करायची. "झालं का रे?" "व्हतंय, आक्का." त्याच्या दोन शब्दांच्या मधे श्वासाची शिट्टी ऐकू यायची. एकदा म्हणाले, राहू दे, आहे तसंच आण. तर म्हणाला, "आता न्हाय. आता झालंच की." थंडीत त्याला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा तोंडावर ऑक्सिजन होता. दोन बोटं एकमेकांना लावून त्यानं मला खूण केली, जुळतंय म्हणून. तिथनं तो घरी आलाच नाही.

जलदान विधी झाल्यावर वहिनी फळी घेऊन आली. आम्ही दोघींनी ती जोडली. सूतभरसुद्धा फरक नाही. दोन आभाळांचा रंगसुद्धा एक झाला होता, त्यानं माझं कधी नीट बघून ठेवलं होतं देव जाणे. मी बटण दाबलं. गाडी टपरीवरनं निघाली, फाटकातनं गेली, खोलीपुढनं गेली. वहिनी पदर तोंडाला लावून बसली होती.

"आधीचं लई खरवडलं त्यांनी," ती म्हणाली. "खोलीमागं बाज व्हती, माठ व्हता, तुमचे वडील बसायचे ती पेटी व्हती. आभाळाला जागा पायजे म्हणून काडून टाकलं. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या की. तर म्हनले, आक्काच्या बाजूनं हे दिसतच न्हाय."

खरंच दिसत नव्हतं. मला कधीच दिसलं नव्हतं. त्यानं माझ्या जागेवर उभं राहून स्वतःचं लहानपण पुन्हा बांधलं, आणि त्याचं स्वतःचं जे होतं त्याच्या जागी आभाळ चिकटवलं. तेही माझ्यासारखं, फिकट आणि धुरकट.

वहिनी गेल्यावर मी स्क्रू काढले. त्याचंही आभाळ उतरवलं, माझंही. उतरवायला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला. टेबल ओढून हॉलच्या मधोमध आणलं. आता चालायला जागा नाही, कडेकडेनं जावं लागतं, आणि जाता येतं.

मग गाडी सोडली आणि वळसा घालून त्याच्या बाजूला गेले. गुडघे दुखतात, तरी खाली वाकले आणि खोलीच्या उंचीवर डोळे आणले. डबे समोरनं जायला लागले. दोन डब्यांच्या मधल्या फटीतनं पलीकडची टपरी दिसत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी ती तिकडनं बघत होते. मी हात केला. पुढच्या फटीत कुणी हात केला नाही. टपरीपाशी मी असायला पाहिजे होते, आणि मी तर इकडं होते.