सतरंजीवरची सरपंच

“सरपंचबाई, नारळ इकडं द्या. बाईमाणसानं फोडायचा नसतो.”

अण्णांनी आईच्या हातातून नारळ काढून घेतला. गावात पाण्याच्या नव्या लाइनचं भूमिपूजन होतं. पैसे एका कंपनीचे. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, “सरपंच कोण?” अण्णा हसले. “आमीच म्हणा की. कागदावर ह्या बाई हायेत.”

सगळे हसले. आईसुद्धा हसली. ते मला जास्त लागलं.

आम्ही ठाकर. महाळुंग्याच्या कारखान्यांपलीकडे आमचं गाव, आणि गावाच्याही पलीकडे, टेकडीला लागून, आमची वाडी. सरपंचपद आदिवासी महिलेसाठी राखीव झालं, तेव्हा गावाला न बोलणारी बाई हवी होती. माजी सरपंच अण्णांनी आईला उभं केलं. आई त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते. सरपंच झाल्यावरही घासते.

भूमिपूजनातच कळलं, लाइन मारुतीच्या देवळापर्यंतच येणार. वाडी तिथून हाकेच्या अंतरावर. मी भीतभीत अण्णांना विचारलं. शेजारचा एकजण म्हणाला, “ठाकरांना नळ कशाला, राव? त्यांना झऱ्याचंच गोड लागतंय.” पुन्हा हशा. तो झरा उन्हाळ्यात आटतो. मग आई शिफ्टवरून येते आणि तशीच हंडा घेऊन निघते.

मी आमच्या घरातली पहिली कॉलेजात गेलेली. राज्यशास्त्र घेतलंय. ग्रामसभेचं अध्यक्षपद सरपंचाकडे असतं, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मार्कही मिळाले. आमच्या ग्रामसभेत मात्र टेबलामागे ग्रामसेवक आणि अण्णा बसतात. अण्णा आता पंचायतीचे साधे सदस्यही नाहीत. आई समोर सतरंजीवर, बायकांच्या मागच्या रांगेत. तिला तिथं बस असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. घरून ठरवून आणलेलं सगळं विसरले. एवढंच तोंडातून आलं, “अण्णा, ती खुर्ची आईची आहे.”

मागून आवाज आला, “शिकली म्हणून लई शानी झाली व्हय?”

अण्णा गोड बोलले. “बस, पोरी. आईला इचार की, तिला तरी यायचंय का वर?”

त्यांना उत्तर माहीत होतं. मलाही माहीत आहे असं वाटलं.

आई उठली. पदर खोचला. बायकांमधून वाट काढत टेबलापाशी गेली.

“उठा, अण्णा.”

अण्णा उठले. आई बसली, खुर्चीच्या अगदी कडेला. म्हणाली, “लाइन वाडीपातुर न्यायची. ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा.”

वाडीचे हात वर गेले. गावातल्या काही म्हाताऱ्या बायकांचे गेले. बाकी कुणाचे नाही. ठराव पडला.

बाहेर अण्णांनी मला गाठलं. आता आवाजात गोडी नव्हती. “आरक्षण फिरत असतंय, पोरी. पुढच्या खेपेला जागा खुली पडंल. मग बघू तुमाला कोण इचारतंय.”

खुली. गावात हा शब्द असा बोलतात, जणू त्या जागेवर त्यांच्याच आडनावाची पाटी आहे. राखीव आम्हाला दिलेली, खुली त्यांची. मीही तसंच धरून चालले होते. पण खुल्या जागेवर ठाकरांना बंदी आहे, असं कुठल्याच कायद्यात नाही.

मला भाषण जमत नाही. वाडीची मतं थोडी. बहुतेक मी हरेन. तरीही त्या जागेवर मी उभी राहणार. कुणी उभं केलं म्हणून नाही. अण्णांना माझ्याविरुद्ध मतं मागावी लागतील. टेकडी चढून, वाडीत येऊन, आमच्या दारात उभं राहून मागावी लागतील.