वाळकी काडीसुद्धा नाही

आमचे घरमालक नाना रस्त्याने कधी सरळ चालले नाहीत. नजर जमिनीवर आणि पाय नजरेच्या मागे. वाकडा खिळा, तुटकी बिजागरी, सुतळीचा तुकडा, अर्धी वीट, दिसेल ते खिशात. भुकूममध्ये तेव्हा इतकी बांधकामं चालू होती की नाना दूध आणायला गेले तर परत येताना त्यांचा सदरा गुडघ्यापर्यंत लोंबायचा. एकदा पौड रस्त्यावर वाऱ्याचा असा झोत आला की दोन दुचाक्या आडव्या झाल्या, चहाच्या टपरीचा पत्रा उडाला, आणि नाना मात्र खिशातल्या मालाच्या वजनावर विजेच्या खांबासारखे उभे. मी स्वतः पाहिलं. पंकज म्हणतो, त्या दिवशी वारा नव्हता. पंकजचं ऐकू नका.

पंकज माझा खोलीतला जोडीदार. नानांच्या तीन मजली इमारतीत सगळ्यात वरची खोली आमची. इमारतीच्या पाठीला डोंगर, आणि डोंगराच्या उतारावर वाघजाई देवीची राई. इतकी दाट की दुपारीसुद्धा आत काळोख. रोज सकाळी दात घासताना मी खिडकीतून ती बघायचो आणि ती मला बघायची. हे मात्र पंकजही कबूल करतो.

रविवारी दुपारी आम्ही कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचो. रिकाम्या हातांनी एका बेटावर उतरायचं. झाडं तोडायची, दगड फोडायचे, माती, गवत, लोखंड गोळा करायचं आणि त्यातून घर उभं करायचं. कारण डोंगरावरून केव्हाही धुकं उतरतं, आणि धुक्यात काहीतरी असतं. ते कधीच दिसत नाही. फक्त भिंती खाताना ऐकू येतं. आधी गवताचं छप्पर, मग लाकूड, मग दगड. जेवढं खाल्लं तेवढं लगेच भरून काढलं तर घर टिकतं. साठा संपला तर घर गेलं, आणि बेट पुन्हा पहिल्यासारखं मोकळं.

एका रविवारी नाना वर आले ते पाण्याची टाकी वाहतेय हे सांगायला. दारातच थबकले.

"ह्ये काय चाललंय रं?"

"घर बांधतोय, नाना."

"एवढ्याशा लाकडात? आरं, ह्यात खुराडं हुईना." मग पंकजला म्हणाले, "ऊठ. बसू दे मला."

टाकी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाहिली.

नाना खेळायला लागले म्हणजे काय झालं ते सांगतो. महिनाभरात आमचं घर आत आणि पेट्या बाहेर अशी अवस्था आली. लाकडाच्या पेट्या, दगडाच्या पेट्या, दोरांच्या पेट्या. त्यांनी इतका दगड गोळा केला की ते बेट एका अंगाला कललं आणि परदेशात कुठेतरी ज्या यंत्रावर तो खेळ चालायचा तिथल्या लोकांनी घाबरून खिडक्या उघडल्या. बांधायला मात्र हात लावायचे नाहीत. पंकज कुरकुरला की म्हणायचे, "बांधणारं लई भेटत्यात लेका. साठवणारा येकांदाच."

खेळाची एकच गोष्ट त्यांना खपायची नाही. तिथे झाड पडलं की त्याचे ओंडके होतात आणि बाकीचं हवेत विरतं. दर वेळी नाना खुर्चीतून वाकून पडद्याखाली बघायचे. "फांद्या कुटं गेल्या? पाला कुटं गेला? असं कुटं आस्तंय व्हय? तोडलं तर त्याचं काय तरी मागं ऱ्हायाला पायजे."

घराला लागूनच त्या बेटावर एक झाडी होती. मोठी, जुन्या बुंध्यांची, आणि तोडायला सगळ्यात सोयीची. नाना पहिल्यांदा तिथपर्यंत गेले, कुऱ्हाड उगारली आणि थांबले. मग मागे येऊन पेटीतला एक दगड घेतला आणि झाडीच्या तोंडाशी मांडला.

"ही राई. हितनं काय आणायचं न्हाई. वाळकी काडीसुदिक न्हाई."

पंकज हसला. "नाना, खेळ आहे हा. कॉम्प्युटरला कुठली आलीय देवी?"

"तिला काय, कुटंबी येता येतं."

मग त्यांनी त्यांच्या चुलत आज्याची गोष्ट सांगितली. राईतनं त्याने गुरं वळायला एक काठी तोडली होती. एकच. घरी पोचला तर त्याची गुरं त्याला ओळखेनात. दारात आला की दावी तोडायची, डोळे पांढरे करायची. काठी परत नेऊन ठेवली तरी ओळखेनात. मेला तेव्हा गोठ्यातून एक हंबरडा आला नाही. थापा मारण्यात माझा हात तालुक्यात कुणी धरणार नाही, त्यामुळे दुसऱ्याची थाप मला लांबून कळते. ही थाप नव्हती. नाना मला 'थापाड्या' म्हणायचे, पण ही गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं त्यांच्या डोक्यात का घोळत होतं ते आम्हाला ठाऊक होतं. वरच्या बाजूला बंगल्यांचे प्लॉट पडले होते आणि तिकडे जाणारा रस्ता खऱ्या राईतून काढायचा होता. ती जमीन नानांच्या भावकीची. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक नानांची राहिली होती. धाकटे भाऊ अण्णा रस्त्यापलीकडे राहायचे, रोज संध्याकाळी यायचे, जिन्याखाली उभे राहून तेच विचारायचे.

"नाना, झाडंच हायेत ना? काय हुतंय?"

"कर की. मग बघ काय हुतंय."

"न्हाई पर, काय हुतंय ते तरी सांग!"

यावर नाना गप्प. अण्णा हात झाडत परत. असं वर्षभर चाललं होतं. राई उभी होती ती त्या न सांगितलेल्या उत्तरावर.

मग तो रविवार आला. बाहेर पाऊस, आणि बेटावर दुपारीच धुकं उतरलं. असं धुकं मी पाहिलं नव्हतं. पडदा पांढरा, आणि चहूबाजूंनी तो आवाज. म्हातारं माणूस भाकरी चघळत असावं तसा, सावकाश, घाई नसलेला. छप्पर गेलं. लाकडाच्या पेट्या एकेक करून रिकाम्या झाल्या. दगडाचा डोंगर तसाच पडून होता, पण खेळाचा नियम असा की दगडी भिंत दुरुस्त करायलाही आतून लाकडाचा सांगाडा लागतो. नानांचे हात भराभर चालत होते.

"जिना मोड. दारं मोड. खाटा मोड. घाल भिंतीला."

"नाना, राई दहा पावलांवर आहे," पंकज म्हणाला.

"घर गेलं तरी चालंल."

तेवढ्यात खालून नानांच्या बायकोने, काकूंनी, हाक मारली. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं होतं. नाना धावत गेले. पंकज त्यांच्या खुर्चीत बसला आणि मी काही म्हणायच्या आत कुऱ्हाड घेऊन धुक्यात शिरला.

नाना वर आले तेव्हा भिंत सरळ उभी होती. त्यांनी लाकडाची पेटी उघडली. ती काठोकाठ भरलेली होती. जाताना त्यांनी ती रिकामी पाहिली होती. ओल्या हातांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "आता थांबा."

आम्ही थांबलो. आवाज हळूहळू विरला. धुकं निघून गेलं, ऊन पडलं, बेटावर पाखरं ओरडायला लागली. घर शाबूत होतं. पंकजने टाळी वाजवली आणि त्याची टाळी खोलीत एकटी पडली.

त्यानंतर नाना रोज यायचे. काही गोळा करायचे नाहीत, काही तोडायचे नाहीत. झाडी होती तिथे जाऊन उभे राहायचे, मग घराला एक फेरी मारायचे. खेळाने बुंधेसुद्धा पुसून टाकले होते. गवत उगवलं होतं, त्यावर फुलं. एका संध्याकाळी ते उठले आणि जिन्याच्या कठड्याला धरून मला म्हणाले,

"थापाड्या, काईच झालं न्हाई रं."

"खेळ होता, नाना."

"खेळ तर खेळ. दगड मी मांडला हुता. राई म्हणून मी सांगितलं हुतं." मग कठडा सोडून म्हणाले, "आनि कायबी झालं न्हाई."

चारच दिवसांत अण्णा पेढे घेऊन आले. नानांनी सही केली होती.

पोकलेन आला. चालवणारा झारखंडचा पोरगा होता. त्याने यंत्र बंद ठेवून चप्पल काढली, झाडांना हात जोडले, "माफ करना, माई," म्हणाला आणि मगच सुरुवात केली. नाना खाली उभे होते. "त्याला न्हाई लागायचं," म्हणाले. कुणाला लागणार ते बोलले नाहीत. गावाने लाकूड वाटून नेलं. अण्णांच्या अंगणात त्या सरपणावर मटण शिजलं, वास आमच्या खोलीपर्यंत आला. कुणाला साधा ठसका लागला नाही.

फक्त उतारावरच्या झऱ्याला लाल पाणी यायला लागलं, आणि काही दिवसांनी तेही थांबलं. मग मागच्या अंगणात सकाळी एखादा दगड पडलेला असायचा. मुठीएवढा. नंतर नारळाएवढा. नाना तो उचलून भिंतीशी ठेवायचे. मी म्हणेन की त्या दगडांनी अंगण भरून रस्ता अडला, गावाची एसटी वळवावी लागली, पण तसं झालं नाही. सात-आठच असतील. न बोलता पडलेले.

आणि नानांनी इमारत रिकामी करायला घेतली. तळमजल्यावरच्यांना सांगितलं, जोत्यानं ओल धरलीय. मधल्या मजल्यावरच्यांना सांगितलं, पुतण्याचं लग्न हाय, खोल्या लागणार. पुतण्या पाचवीत होता. गाव म्हणालं, नानाला हाव सुटली, आता इमारतही विकणार. काकूंना त्यांनी कासार आंबोलीला लेकीकडे पाठवलं. लेकीची तब्येत बरी नाही म्हणाले. लेक फोनवर चांगली खणखणीत हसत होती.

शेवटी आम्ही. आम्हाला सबबही सांगितली नाही. "दोगंबी निघा. आजच. सांज व्हायच्या आत." महाळुंग्याला पंकजच्या मित्राकडे सोय झाली. टेम्पोत सामान नाना स्वतः चढवत होते. गादी, बादल्या, तो कॉम्प्युटर. आभाळ उतरून उतारावर बसलं होतं. राई होती तिथे तांबडा, उघडा काप दिसत होता, आणि त्यातून मधूनच मातीची एखादी सर आपोआप घसरत होती.

"नाना, खरं काय ते अण्णांना तरी सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? देवी येनार म्हटलं तर हसंल. दरड येनार म्हटलं तर भांडंल. त्यो पल्याड हाय, त्याला काय न्हाई हुयाचं."

"मग तुम्हीही चला. काकूंकडे जा. इथे एकटे काय करणार?"

नानांनी टेम्पोचा मागचा फाळका वर करून कडी घातली, ओढून बघितली. मग मला असे म्हणाले, जसा काही मी अगदीच वळण नसलेला पोरगा आहे,

"आरं, सही माझी हाय. ती येवढ्या लांबून येनार, आनि दारात कुनीच न्हाई, बरं दिसतं व्हय?"