नानांनी पास केलेलं हॉटेल

दर शनिवारी बाहेर जेवायची सवय लागली, की पोट सुटतं ते सुटतंच, वर किस्सेही साठत जातात. आमचे जळगावात साठले, सत्तर सालाच्या आगेमागे. आम्ही तिघं. मी, आमच्या ऑफिसचे हेडक्लार्क नाना आणि कापडदुकानवाला शांतिलाल.

हॉटेल पास-नापास करायचं खातं नानांकडे. कारण नानांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, एकदा हॉटेलात न्यायचा हट्ट धरला होता, "माले बी एकदाव हाटेलमा लई चला ना!"

नाना म्हणाले, "चांगलं हाटेल सापडू दे, लगेच लई जासू."

झालं! शोध सुरू. आम्ही बाहेर हादडतोय आणि अक्का घरी वाट बघतायत!

*

स्टेशनाजवळच्या हॉटेलात शेवभाजी आली. नानांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

मालक कळवळून म्हणाला, "नाना, शेव घरची आहे हो!"

"मग घरीच ठेवायची ना!"

नापास.

*

धुळ्याला ऑफिसच्या कामाला गेलो होतो, शांतिलालही कापडखरेदीला सोबत आला होता. तिथल्या एका हॉटेलातली डाळ-बट्टी खाऊन नाना चक्क गप्प! आम्हाला वाटलं, सुटल्या अक्का. बायकामाणसांना बसायला फॅमिली रूमही होती. नाना उठून ती बघायला गेले आणि कपाळाला आठ्या घालून परत आले.

"पडदा आखूड आहे. बाहेरून पाय दिसतात!"

शांतिलाल वैतागला. "नाना, हॉटेल बघताय की पोरीला स्थळ?"

शांतिलाल जैन. कांदा-लसूण वर्ज्य, वांग्याला तर हातही लावायचा नाही. सगळीकडे पापड आणि ताकावर भागवायचा. आमच्यात खरा उपाशी तोच, पण अक्कांची बाजू घ्यायचाही तोच.

*

पहूरच्या रस्त्यावर एका ढाब्यात भरीत मिळालं. अहाहा! नाना तीन वेळा बोटं चाटून म्हणाले, "पास!" आणि मग आजूबाजूला बघितलं. खाटा, ट्रक ड्रायव्हर, विड्यांचा धूर.

"भरीत पास, जागा नापास."

*

खरी गंमत पुढेच. नाना घरी जाऊन काय खाल्लं ते अक्कांना साग्रसंगीत सांगायचे. माउली नुसत्या वर्णनावरून दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ करायची, आणि तो हॉटेलापेक्षा सरस व्हायचा! मग काय, पास झालेलंही नापास.

एकदा आम्ही त्यांच्याकडे जेवत असताना नाना म्हणाले, "इतलं चांगलं तं कोठेच भेटत नही."

अक्का म्हणाल्या, "माले कौतुक नको, हाटेल दखाडा!"

आम्ही खो खो हसलो. हसायला नको होतं. आम्ही दोघांनी नानांना धरून अक्कांना तेव्हाच न्यायला हवं होतं. आजही चुटपुट लागते.

*

मग अक्कांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तिखट बंद. जन्मभर!

दवाखान्यातून घरी न्यायला टांगा केला होता. नाना आणि अक्का टांग्यात, आम्ही सायकलींवर मागे. वाटेत पहिलंच जे हॉटेल दिसलं, तिथं नानांनी टांगा थांबवला. आत न जाता, काही न चाखता म्हणाले, "हे पास. उतर."

फॅमिली रूमचा पडदा मळका होता आणि एका बाजूनं फाटलेला. नानांनी तिकडे बघितलंही नाही. अक्कांना हाताला धरून आत नेलं. आम्ही बाहेरच्या टेबलावर बसलो. आत नानांपुरती शेवभाजी गेली, तिच्यावर लाल तर्री. अक्कांसाठी नानांनी साधं दूध मागवलं.

नानांची पास-नापासची ख्याती ऐकून असलेला मालक पडद्याशी जाऊन अदबीनं म्हणाला, "नाना, भाजी कशी शे?"

नानांनी नाक ओढलेलं तेवढं ऐकू आलं.

मग आतून अक्काच ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "फस्क्लास शे, भाऊ!"