विषयशिक्षकाचं मत

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो. एका फॉर्मवर सही करायची होती, ती मी वेळेवर केली नाही. एवढंच.

तेव्हा मी गोंदियाजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो. मुलीच्या शाळेसाठी बायको नागपूरला राहायची, मी इथे दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटा. सकाळी कॉलेज, दुपारी मेसचा डबा आणि संध्याकाळी फाट्यावरची चहाटपरी. तिथे आसपासच्या कॉलेजांतले आम्ही चार शिक्षक जमायचो. त्यांतले सर्वांत वडीलधारे माझ्याच विषयाचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. मला टायफॉईड झाला तेव्हा आठ दिवस त्यांच्याच घरून पेज आली होती. टपरीवरचे ते दोन तास सोडले, तर दिवसभरात मला कोणी 'कसे आहात' म्हणून विचारत नसे.

कामठ्याकडची एक मुलगी माझ्या वर्गात होती. सायकलने यायची, फार बोलायची नाही. नर्सिंगला जायचं हे तिचं अकरावीतच ठरलेलं होतं. बारावीचा निकाल लागला, तेव्हा नर्सिंगसाठी जे तीन विषय धरतात त्यांच्या बेरजेत तिला तीन मार्क कमी पडले. मार खाल्ला तो माझ्या विषयात. तिने आधी गुणपडताळणी करून पाहिली. त्यात फक्त बेरीज पुन्हा करतात, ती बरोबर निघाली. मग तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. झेरॉक्स मिळाल्यापासून पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्यायचा होता, आणि त्यावर विषयशिक्षकाने लिहून द्यायचं होतं की अमुक प्रश्नाला मार्क कमी मिळाले आहेत. त्याखाली सही.

ती आली तेव्हा मी प्रयोगशाळेत बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलत होतो.

"जय भीम, सर. बाबा धानाचे पऱ्हे टाकून राहिले, म्हणून मी एकटीच आली. हे पाहून द्या ना."

मी स्टुलावर बसून वाचायला लागलो. वर्षानुवर्षं पेपर तपासणाऱ्या माणसाचा हात रिकामा राहत नाही. माझ्या बोटांत पेन्सिल कधी आली ते मलाच कळलं नाही. एका गणिताचं तिचं उत्तर बरोबर होतं, रीत मात्र तिची स्वतःची. सूत्र न लिहिता तिने थेट प्रमाण मांडलं होतं. योग्य रीत कोणतीही असो, पूर्ण मार्क द्यायचे, हे आम्हाला दर वर्षी बैठकीत सांगतात. तिला चारपैकी एक मिळाला होता. मी समासात बारीक चार लिहिले. पुढे तीन मार्कांच्या प्रश्नाला एक होता, तिथे दोन लिहिले. म्हणजे चार मार्क वाढत होते. तिला तीनच हवे होते.

मग माझं लक्ष परीक्षकाच्या आकड्यांकडे गेलं. झेरॉक्सवर परीक्षकाचं नाव झाकलेलं असतं, अक्षर झाकता येत नाही. तो एक खालून उलटा वळवलेला, गळासारखा. तसा एक मी दर संध्याकाळी टपरीवरच्या पत्त्यांच्या हिशेबात पाहत होतो. तो दादांचा होता.

मी खोडरबर घेतला आणि समासातले माझे दोन्ही आकडे पुसले. तिच्यासमोर.

"सर, इथं चार लिवले होते ना तुमी?"

"ते असंच. सवय आहे हाताची."

"मंग पुसले काऊन?"

मी म्हणालो, बघावं लागेल, नमुना उत्तरं पुन्हा पाहतो, उद्या ये. ती दुसऱ्या दिवशी आली. मी म्हणालो, प्राचार्यांशी बोलतो. प्राचार्य शेजारच्याच खोलीत बसले होते. मी उठलो नाही.

त्या संध्याकाळी टपरीवर पत्त्यांत मी दोनदा चुकीचं पान टाकलं. आदल्या वर्षी आमच्याच विषयाच्या एका मास्तराने अशी सही दिली होती, तपासणाऱ्याला लेखी खुलासा द्यावा लागला होता. त्यानंतर पेपर तपासणीच्या बैठकीत त्या मास्तराच्या बाकावर कोणी बसलं नाही.

"काय सर, कायचं टेन्शन घेऊन राहिले?" दादांनी विचारलं.

"काही नाही. एक पोरगी रिव्हॅल्युएशनला जाऊन राहिली."

"जाऊ द्या ना! सही तं तुमीच देसान," ते हसले. "मंग आमी तुमच्या बाकावर बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

सगळे हसले. मीही हसलो. तो पेपर त्यांनीच तपासलेला होता हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं असतं तर कदाचित ते स्वतःच म्हणाले असते, द्या सही, चुकलं असेल माझं. तसा माणूस होता तो. पण मी विचारलं नाही, कारण ते तसं म्हणाले नसते तर उद्यापासून संध्याकाळी पाच वाजता मी कुठे गेलो असतो?

तिसऱ्या दिवशी तिला मी स्पष्टच सांगितलं, "मार्क वाढणार नाहीत. उगाच आशा धरू नको."

तिने झेरॉक्सची पानं जुळवली, पिशवीत घातली. "तुमी म्हणता तं तसंच असंन, सर." रडली नाही. मला वाटतं ती माझ्या पेन्सिलीवर जास्त विश्वास ठेवून गेली, माझ्या बोलण्यावर कमी. पण माझ्याशी वाद घालणं तिच्या वळणात नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्याकडे कोरा फॉर्म होता. ऑफिसातून मीच आणला होता. त्यावर मी मत लिहिलं, दोन्ही प्रश्नांचे क्रमांक टाकले, सही केली. अर्ज मात्र तिच्या सहीशिवाय जात नव्हता. ती येईल म्हणून मी दुपारपर्यंत बसून राहिलो. पुढे कधी मनात विषय निघाला की मी हेच म्हणायचो: मी सही केली होती, तीच आली नाही.

खरं असं आहे की तिचं गाव सहा किलोमीटरवर होतं आणि माझी मोटारसायकल खिडकीखाली उभी होती. दोनच दिवसांपूर्वी मी तिला आशा धरू नको म्हणालो होतो. ती कशाला येणार होती?

ऑफिस बंद झालं तेव्हा मी फॉर्म फाडला, आणि फाट्यावर चहाला गेलो. दादांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. तिथे बसलो, पण त्या दिवसानंतर मला त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून बोलता आलं नाही. काही महिन्यांत मी जाणं कमी केलं, मग बंद. त्यांनी दोनदा निरोप पाठवला. मी कामाचं निमित्त सांगितलं. ज्या दोन तासांसाठी मी ते केलं होतं, ते असे गेले.

त्याच वर्षी जुलैत ती दाखला न्यायला आली. बी.ए.ला नाव घालणार आहे, असं ऑफिसातल्या बाबूने सांगितलं. बाबूला तिने विचारलंही म्हणे, "केमिस्ट्रीचे सर आहेत का? भेटून जातो." बाबूने प्रयोगशाळेकडे बोट दाखवलं.

तिने दार दोनदा वाजवलं. मी आतच होतो. कडी मीच लावली होती.